तालुका वार्ताहराचे डिजिटल स्थलांतर : एक प्रकरण अभ्यास

मराठी वृत्तपत्रसृष्टीत तालुका वार्ताहर हे पद जितके जुने आहे तितकेच ते कागदोपत्री अस्पष्ट आहे. जिल्हा आवृत्तीतील बराचसा मजकूर ज्यांच्या हातून येतो त्यांपैकी अनेकांकडे नेमणुकीचे पत्र नसते. असते ते दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे ओळखपत्र, अनियमित मानधन आणि वर्षाकाठी गाठायचे जाहिरातीचे उद्दिष्ट. अशा एका वार्ताहराने २०२० नंतर मुद्रित वृत्तपत्राचे काम सोडून स्वतःचे बातमी चॅनेल आणि पोर्टल उभे केले, त्या वाटचालीचा हा अभ्यास आहे. यातील वार्ताहर ही कोणी एक विशिष्ट व्यक्ती नाही. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या पत्रकारांच्या वाट्याला सर्रास येणारे प्रसंग एका कारकिर्दीत गुंफून हे प्रातिनिधिक प्रकरण मांडले आहे. कायदे, नियम आणि त्यांच्या तारखा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

या विषयावरची चर्चा बहुधा साधनांभोवती फिरते. मोबाइलवर चित्रीकरण कसे करावे, थंबनेल कशी असावी, मथळ्यात कोणते शब्द घातले म्हणजे बातमी शोधात वर येते, असे तिचे स्वरूप असते. प्रस्तुत प्रकरणात हे सारे शिकायला फारसा वेळ लागला नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बरेचसे शिकवले. अवघड गेले ते वेगळेच. वृत्तपत्रात बातमी वार्ताहराची असे, पण ती छापायची की नाही, तिच्यातले काय गाळायचे आणि छापून आल्यावर नोटीस आली तर उत्तर कोणी द्यायचे, हे दुसरे कोणीतरी पाहत असे. चॅनेल स्वतःचे झाल्यावर ही सगळी कामे एकाच माणसावर आली. जाहिरात मिळवण्याचे काम तर आधीपासूनच त्याच्याकडे होते.

मुद्रित काळातील कामाची घडण

या वार्ताहराची सुरुवात नव्वदच्या दशकाच्या मध्याला झाली. त्या काळी तालुक्याची बातमी हाताने लिहून पाकिटात घातली जाई आणि दुपारच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी रवाना होई. स्थानकावर कार्यालयाचा माणूस ते पाकीट उतरवून घेई. बस चुकली की बातमी एक दिवस शिळी. पुढे फॅक्स आला, त्यानंतर संगणक केंद्रात बसून श्रीलिपी या युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट-प्रणालीत टंकलेखन आणि ई-मेल. प्रत्येक टप्प्यावर वेळ वाचला, पण कामाची मूळ रचना बदलली नाही. वार्ताहर मजकूर पाठवी, जिल्हा कार्यालयातला उपसंपादक तो कापून, जोडून, प्रसंगी पूर्ण नव्याने लिहून पानात बसवी. सहाशे शब्दांची बातमी सिंगल कॉलमात उरली म्हणून वार्ताहर चडफडत असत आणि बातमीतला कच्चा दुवा कोणीतरी वेळेत पाहिला हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

दुसरी बाजू पैशाची. अनेक ठिकाणी वार्ताहराकडेच अंकाची एजन्सी असते, म्हणजे पहाटे गठ्ठे उतरवणे, मुलांकरवी ते वाटणे आणि महिनाअखेर बिले वसूल करणे हेही त्याचेच काम. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, दिवाळी आणि स्थानिक नेत्यांचे वाढदिवस या निमित्तांनी पुरवण्या निघतात आणि त्यांच्या जाहिराती आणण्याची जबाबदारी वार्ताहरावर असते. ज्या बाजार समितीच्या कारभाराविषयी सोमवारी लिहायचे, तिच्याच सभापतींकडे गुरुवारी अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जायचे, ही कसरत डिजिटल माध्यमाने जन्माला घातलेली नाही. यूट्यूब चॅनेलवाल्यांनी पत्रकारितेचा धंदा केला, अशी तक्रार जुन्या पिढीतील काही पत्रकार करतात. त्यांनी आपल्याच पुरवण्यांचे जुने गठ्ठे एकदा सोडून पाहायला हरकत नाही.

मुद्रित काळाने या वार्ताहराला दिलेली खरी पुंजी म्हणजे ओळख आणि माहिती. तहसील कार्यालयातील कोणता अव्वल कारकून कोणत्या संचिकेविषयी बोलेल, पंचायत समितीच्या बैठकीचे इतिवृत्त कधी तयार होते, कोणत्या गावातील तंटा जुना आहे आणि कोणता नव्याने उकरला गेला आहे, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवता येत नाही. डिजिटलकडे जाताना हे सारे त्यांच्याबरोबर आले. जुने लेखन मात्र आले नाही. कात्रणांच्या वह्या घरी होत्या; पण संगणकावर साठवलेला दहाएक वर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमधला असल्याने युनिकोडमध्ये उघडताच रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसू लागली. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घ इतके बिघडतात की प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागते. ते काम त्यांनी अर्ध्यावर सोडून दिले.

वळण

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त इंटरनेटमुळे गावोगावचे मोबाइल बातमीची जागा बनले. या वार्ताहरांनी त्या काळात व्हॉट्सॲपचा एक गट काढला, तोही दुसऱ्या दिवशीच्या अंकाची जाहिरात करण्यासाठी: उद्याच्या अंकात अमुक बातमी वाचा, असा तो निरोप असे. वाचकांची उत्तरे मात्र ठरलेली असत. उद्या कशाला, आत्ताच सांगा. २५६ जणांची तेव्हाची मर्यादा भरली म्हणून दुसरा, तिसरा गट निघाला. जिल्हा कार्यालयाला हे रुचले नाही. बातमी आधी गटात गेली तर अंक कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या बाजूने रास्तच होता.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हा तिढा परस्पर सोडवला. छपाई आणि वाहतूक विस्कळीत झाली, एप्रिलमध्ये घरोघरी अंक वाटण्यावर राज्य शासनाने काही काळ निर्बंध घातले आणि दुकानेच बंद असल्याने स्थानिक जाहिराती थांबल्या. या प्रकरणातील वृत्तपत्राने जिल्ह्याची पाने कमी केली आणि वार्ताहरांना कळवले की यापुढे मानधन नाही, जाहिरातीवरील कमिशन तेवढे मिळेल. त्याच आठवड्यांत तालुक्यातील लोकांना मात्र बातमीची कधी नव्हे इतकी गरज होती. किराणा किती वाजेपर्यंत उघडा, कोणत्या गल्लीत प्रतिबंधित क्षेत्र, पुण्या-मुंबईहून आलेल्यांना शाळेत ठेवले आहे की घरी, ही माहिती उद्याच्या अंकापर्यंत थांबणारी नव्हती. रोज संध्याकाळी वार्ताहर आपल्या गच्चीवरून पाच मिनिटांचे चित्रण करून यूट्यूबवर टाकू लागले. वृत्तपत्र सोडण्याचा निर्णय कोणत्याही एका दिवशी झाला नाही. वर्षभराने ओळखपत्राच्या नूतनीकरणासाठी अनामत मागणारा निरोप आला, तेव्हा त्यांनी त्याला उत्तर दिले नाही, इतकेच.

पाऊस आणि मोंढा

चॅनेलचे पहिले वर्ष इतर शेकडो चॅनेलांसारखेच गेले. टेबलावर बूम माइकची रांग, नेत्यांच्या बाइट, अपघाताची चित्रफीत, कीर्तनाचे थेट प्रक्षेपण. पत्रकार परिषदेत माइकवाले पुढे आणि वहीपेनवाले मागे, अशी बैठकच आता ठरून गेली आहे, आणि मागच्या रांगेतून पुढे आल्याचे समाधान त्यांनाही काही महिने पुरले. पण एकाच सभेच्या सात चॅनेलांवरच्या सात चित्रफितींत फरक काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

ते उत्तर पावसाळ्यात सापडले. महाराष्ट्रात महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या महसुली गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते, आणि पंचनामे व मदतीची चर्चा त्या आकड्यावरून सुरू होते. पाऊस मोजला जातो तो मंडळातील केंद्रावर. एखाद्या गावाचा ओढा फुटून सोयाबीन वाहून गेले तरी आठ किलोमीटरवरच्या केंद्रात ५८ मिलिमीटर नोंद झाली, तर ते गाव कागदावर अतिवृष्टीग्रस्त ठरत नाही. तहसीलमध्ये रोज सकाळी हा मंडळनिहाय तक्ता तयार होतो. वृत्तपत्राला त्याचा उपयोग नव्हता. जिल्ह्याच्या पानात फार तर तालुक्यांची सरासरी बसे, आणि सरासरीने कोणाच्याच शेतातला पाऊस कळत नाही. वार्ताहरांनी तो तक्ता हंगामभर रोज सकाळी गटांवर टाकायला सुरुवात केली. त्याखाली एक ओळ असे: पीक विमा काढलेल्या शेतकऱ्याने स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवावे.

त्या तक्त्यावर येणारी उत्तरे हीच पुढे बातमी झाली. एका मंडळातील आठ-दहा गावांतून एकाच सकाळी निरोप आले की आमच्याकडे रात्रभर पाऊस होता आणि तक्त्यात मंडळाचा आकडा जेमतेम वीस आहे. वार्ताहर स्वतः केंद्रावर गेले, तेव्हा पर्जन्यमापक झाडाच्या फांदीखाली आल्याचे दिसले. त्याचे छायाचित्र, गावकऱ्यांची नावे आणि तक्ता एकत्र प्रसिद्ध झाल्यावर तालुका कृषी अधिकाऱ्यांनी पाहणी केली. ही बातमी सामान्यतः जिल्हा पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत संपली असती. इथे ती पंधरा दिवस चालली, कारण प्रत्येक गावाला आपली भर घालता येत होती. छापील पानाला जागेची मर्यादा असते हे सर्वांना माहीत आहे. पण त्या मर्यादेमुळे कोणत्या प्रकारची बातमी पिढ्यान्‌पिढ्या बातमीच मानली गेली नाही, हे या तक्त्याने दाखवले.

मोंढ्याच्या, म्हणजे शेतमालाच्या बाजाराच्या, भावाचेही तसेच. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असा साधा निरोप दुपारी दोनच्या सुमारास जातो आणि चॅनेलवरील कोणत्याही भाषणापेक्षा तो जास्त वाचला जातो. कमाल दर दोन-चार पोत्यांना मिळालेला असतो आणि मथळ्यात तोच टाकला की शेतकरी ट्रॅक्टर भरून येतो. म्हणून सर्वसाधारण दर आधी लिहायचा, ही शिस्त त्यांनी पहिल्याच हंगामात स्वतःला लावून घेतली. एका आडत्याने आपल्या दुकानाचा खरेदी दर याच निरोपात घालण्यासाठी महिन्याचे पैसे देऊ केले. तो दर स्वतंत्र जाहिरात म्हणून, जाहिरात असा शब्द वर लिहून, वेगळ्या वेळी जाईल असे वार्ताहरांनी सांगितले. आडत्याने मान्य केले, पण पैसे निम्मे दिले. बाजाराच्या दृष्टीने त्या एका शब्दाची किंमत तेवढी होती.

वसतिगृहाची बातमी

या प्रकरणातील सर्वांत गंभीर प्रसंग तिसऱ्या वर्षी घडला. तालुक्यातील एका निवासी शाळेतील अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेल्याची माहिती संध्याकाळी मिळाली. पोलीस ठाण्यासमोर दोन चॅनेलांचे प्रतिनिधी आधीच थेट प्रक्षेपण करत होते. वार्ताहरांनी मुलीचे नाव घ्यायचे नाही हे पथ्य पाळले. पंचवीसहून अधिक वर्षांच्या कामात ते अंगवळणी पडले होते. मात्र ते थेट प्रक्षेपण करत शाळेच्या फाटकापर्यंत गेले, पाठीमागे शाळेचा फलक स्पष्ट दिसत होता आणि जमलेल्या लोकांतून एकाने मुलीच्या गावाचा उल्लेख केला. छोटी शाळा, छोटे गाव. ज्यांना कळायचे त्यांना मुलगी कोण हे कळले.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ याचे कलम २३ या बाबतीत निःसंदिग्ध आहे. माध्यमातून बालकाची ओळख उघड होईल असा तपशील देता येत नाही, आणि अशा तपशिलात नाव, पत्ता, छायाचित्र यांच्याबरोबर कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजारपरिसर यांचाही समावेश आहे. उल्लंघनाला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. माध्यमाचा प्रकाशक किंवा मालकही आपल्या कर्मचाऱ्याच्या कृतीला जबाबदार धरला जातो. वृत्तपत्रात या शेवटच्या तरतुदीमुळे कार्यालय सावध राहते. बालकाविषयीची बातमी आली की उपसंपादक सवयीने शाळेचे आणि गावाचे नाव काढून टाकतो. इथे वार्ताहर, प्रकाशक आणि मालक एकच होते आणि मध्ये काढून टाकणारा हात नव्हता.

जिल्ह्यातील एका ओळखीच्या वकिलांचा फोन आल्यावर चित्रफीत उतरवली गेली. तोपर्यंत पाऊण तास झाला होता आणि तिचे तुकडे इतर गटांत फिरत होते. यूट्यूबवरून काढणे हाताशी होते. लोकांच्या मोबाइलमधून काढणे नव्हते. छापील अंकातील चूकही परत घेता येत नाही, हे खरे. तिथे मजकूर आणि वाचक यांच्यामध्ये निदान संध्याकाळचे काही तास आणि दोन-तीन माणसे असतात. थेट प्रक्षेपणात तेवढेही अंतर राहत नाही. गुन्हा दाखल झाला नाही. मुलीच्या मामांनी येऊन एवढेच विचारले की तुम्ही तर पेपरवाले, तुम्हाला कसे कळले नाही. वार्ताहरांनी गटांवर चित्रफीत पुढे न पाठवण्याची विनंती केली, आणि त्या विनंतीमुळे ती न पाहिलेल्या काहींनी मुद्दाम शोधून पाहिली.

त्यानंतर झालेला बदल या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वार्ताहरांनी कोणतेही नवीन उपकरण किंवा अभ्यासक्रम घेतला नाही. जिल्हा कार्यालयातून निवृत्त झालेल्या, ज्यांच्या कात्रीवर ते वर्षानुवर्षे चिडत आले होते, त्याच उपसंपादकांना त्यांनी दरमहा ठराविक मानधनावर मजकूर पाहून देण्याची विनंती केली. बालके, लैंगिक अत्याचार, धार्मिक तणाव आणि न्यायालयीन निकाल या विषयांवर थेट प्रक्षेपण बंद झाले. चित्रण आधी उपसंपादकांकडे जाते आणि त्यांच्या होकारानंतरच प्रसिद्ध होते. आठवड्यात तीन-चारदा तालुक्यातील इतर चॅनेले अर्धा तास आधी बातमी देतात. प्रेक्षक तिकडे जातात आणि त्यातले काही परत येतात.

पैसा

यूट्यूबच्या उत्पन्नाविषयी तालुक्यात दंतकथा फार. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देणाऱ्या त्याच्या कार्यक्रमात सहभागी होण्यासाठी एक हजार सदस्य आणि मागील बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे ही अट पार करायला या चॅनेलला वर्ष लागले, आणि खात्यात शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती पडत नाहीत. अपघात, भांडण आणि बिबट्या यांवर प्रेक्षक तुटून पडतात, ग्रामसभेच्या ठरावावर नाही. पावसाचा तक्ता तर यूट्यूबवरून काहीच मिळवून देत नाही, कारण तो चित्रफीतच नाही. पण तक्त्यामुळे गटात टिकून राहिलेल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी बियाणे, ठिबक आणि ट्रॅक्टर यांचे विक्रेते जाहिरात देतात. म्हणजे मंचाकडून मिळणारा पैसा एका प्रकारच्या मजकुराला पोसतो आणि स्थानिक विश्वासातून मिळणारा पैसा दुसऱ्या प्रकारच्या. वार्ताहरांनी दुसऱ्यावर भर दिला. तो नीतीपेक्षा हिशेबाचा निर्णय होता आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वाढदिवस मात्र सुटले नाहीत. फरक पडला तो वाटणीत: पूर्वी पुरवणीचा मोठा हिस्सा वृत्तपत्राकडे जाई, आता सगळा वार्ताहरांकडे येतो, आणि त्याबरोबर नेत्याची नाराजीही. पूर्वी नकोशी बातमी छापून आली की वरून आले, माझ्या हातात नव्हते, असे सांगायची सोय होती. ती गेली. निवडणुकीच्या काळात पॅकेजची विचारणा उघडपणे होते. बातमीच्या वेषातला प्रचार ही पेड न्यूज ठरते आणि जिल्हा पातळीवरील माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती तिच्यावर लक्ष ठेवते. वार्ताहरांनी दरपत्रक छापून घेतले, त्यात फक्त जाहिरातीचे दर आहेत आणि मुलाखतीचा दर नाही. एका गटाने त्यावर बहिष्कार घातला, दुसऱ्याने दरपत्रकाप्रमाणे जाहिराती दिल्या आणि मग मुलाखत का नाही म्हणून भांडण केले.

ओळखीचा प्रश्न

वृत्तपत्र सोडताच अधिस्वीकृती पत्रिकेचा, म्हणजे शासनाने पत्रकाराला दिलेल्या ओळखपत्राचा, आधार गेला, कारण ती पत्रिका वृत्तपत्राच्या शिफारशीवर मिळालेली होती. पत्रकार संघातही पेच निर्माण झाला. बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला म्हणून तो दिवस राज्यात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो; त्या दिवशीच्या सत्काराच्या यादीत पोर्टलवाल्यांची नावे घ्यायची की नाही यावरून तालुक्यात दोन संघ झाले. हे वरवर हास्यास्पद वाटले तरी त्यामागचा प्रश्न खरा आहे. पत्रकार कोणाला म्हणायचे हे ठरवणारा दाखला पूर्वी वृत्तपत्र देत असे. आता तो कोण देणार?

कायद्याची उत्तरे तुकड्यातुकड्यांत आहेत. मुद्रित नियतकालिकांसाठी १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा प्रेस व नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, पण बातम्यांची संकेतस्थळे त्याच्या कक्षेत नाहीत. भारतीय प्रेस परिषदेचेही अधिकारक्षेत्र छापील माध्यमापुरते आहे. डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी फेब्रुवारी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमणे, पंधरा दिवसांत तक्रारीचा निर्णय देणे आणि आपली माहिती केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवणे अपेक्षित आहे. त्यांतील आचारसंहितेच्या पालनासंबंधीच्या नियम ९ मधील दोन उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. माहिती कळवणे म्हणजे मान्यता मिळणे नव्हे. तरीही ‘शासनमान्य न्यूज पोर्टल’ अशी पाटी गाडीवर लावणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात, आणि कोणी विचारले तर लघुउद्योगासाठीचे उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे करतात. पिठाच्या गिरणीलाही तेच प्रमाणपत्र मिळते.

संरक्षणाची स्थितीही अशीच संदिग्ध आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि वृत्ताधारित इलेक्ट्रॉनिक माध्यमे यांच्या संस्थांभोवती रचलेला आहे. एका माणसाचे चॅनेल त्यात बसते की नाही यावर वाद होऊ शकतो. मुद्रित माध्यमात असल्याने माणूस सुरक्षित असतो असेही नाही. बारसू रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे गाडीखाली चिरडले गेले आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा ते वृत्तपत्राचेच पत्रकार होते. मात्र वाळूउपशावर बातमी केल्यावर रात्री दारात दोन गाड्या येऊन थांबल्या, त्या वेळी आपल्यामागे फोन करायला संपादकही नाही, ही जाणीव या वार्ताहरांना प्रथमच झाली.

सध्याची स्थिती

या साऱ्यातून त्यांनी काढलेला मार्ग मोठा विचित्र आहे आणि तो त्यांच्यापुरता नाही. अनेक तालुक्यांत तो दिसतो. डिजिटलमध्ये स्थिरावल्यानंतर त्यांनी प्रेस सेवा पोर्टलवर अर्ज करून एक छापील साप्ताहिक नोंदवले. चार पाने, मोजक्या प्रती. त्यामुळे पत्रकार परिषदेचे निमंत्रण, संघाचे सदस्यत्व आणि पुढेमागे शासकीय जाहिरातींच्या यादीसाठी अर्ज करण्याची शक्यता एवढे हाती येते. जमीन खरेदीपूर्वीच्या जाहीर प्रगटनासारख्या नोटिसा लोक आजही छापील अंकातच देतात, कारण वकील कात्रण मागतात आणि मोबाइलवरच्या चित्राला कोणी कात्रण म्हणत नाही. वाचक पोर्टलवर, दाखला कागदावर, अशी ही विभागणी झाली आहे. याला माघार म्हणणे बरोबर होणार नाही. व्यवस्था जोवर कागद मागते तोवर कागद देणे हा व्यवहार आहे. पण मुद्रिताकडून डिजिटलकडे अशा सरळ रेषेत या कारकिर्दी मांडणाऱ्यांनी ही चार पानेही विचारात घ्यायला हवीत.

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर नियमाप्रमाणे मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची ओळ असते. तशीच ओळ, पत्ता आणि तक्रारीसाठीच्या फोन क्रमांकासह, निवृत्त उपसंपादकांच्या आग्रहावरून आता पोर्टलच्या प्रत्येक पानाखाली आहे. ‘प्रसिद्ध मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही तिच्या जोडीला येणारी पारंपरिक ओळ मात्र त्यांनी पोर्टलवर ठेवू दिली नाही. मजकूर लिहिणारा आणि संपादक एकच असताना ती कोणासाठी, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या महिन्यात त्या क्रमांकावर आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक बाजारभावाचा निरोप उशिरा आल्याच्या होत्या. एक तक्रार पावसाच्या तक्त्यातील चुकीच्या आकड्याची होती आणि ती दुरुस्ती त्याच दिवशी, मूळ आकडा खोडलेला दिसेल अशा रीतीने, प्रसिद्ध झाली. उपसंपादकांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, रात्री नऊनंतर ते फोन घेत नाहीत, आणि त्यांच्या जागी बसेल असा दुसरा माणूस तालुक्यात अद्याप मिळालेला नाही. वसतिगृहाच्या प्रसंगानंतर चॅनेलवर आलेल्या दोन तरुण प्रतिनिधींपैकी एकीला ते सध्या रोज दुपारी मजकूर कसा कापायचा ते शिकवत आहेत.